उकळलेलं विरजण

१

नळीतली जेली सपाट झाली होती. घात झालाय हे कळायला तेवढं पुरेसं होतं.

मावशीनं चष्मा कपाळावर चढवला आणि काचेची नळी डोळ्यांपाशी धरली. बियाणे निरीक्षक म्हणून तिनं उभी हयात बोगस बियाणं विकणाऱ्यांच्या मागे घालवली होती. निवृत्त झाली तरी कृषी खात्यातले लोक अजून तिला निरीक्षकबाई म्हणूनच हाक मारत. या घरात मात्र ती फक्त मावशी होती. सकाळी भाच्याचा फोन आला तशी न्याहारी अर्धवट टाकून निघाली होती.

"ही तिरकी हवी होती ना?" तिनं विचारलं.

"तिरकीच असते, बाई." लॅबप्रमुखानं कापसाच्या बोळ्यानं बोटं पुसली. हा माणूस दिवसभर स्पिरिटनं हात पुसत असे, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला स्पिरिटच म्हणत. "जेली गरम असताना नळीत ओतायची, नळी कलती ठेवून गोठवायची आणि त्या उतारावर जिवाणू वाढवायचे. एकदा गोठली की फ्रीज बंद पडला तरी उतार हलत नाही. पाण्याला उकळी फुटते तेवढी आच लागली तरच ती वितळते."

"आणि उभ्या नळीत वितळून परत गोठली की अशी."

"शिजवलेत. सगळ्यांना. काल सुट्टी होती, लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. कुणीतरी नळ्या नेल्या, शिजवल्या आणि होत्या तशा ओळीनं लावून ठेवल्या. दुसऱ्या फ्रीजमध्ये जपून ठेवलेल्या जादा नळ्यासुद्धा."

ते जिवाणू मावशीच्या मेव्हण्यांनी आयुष्य घालवून मिळवलेले होते. चवळीच्या मुळांवर गाठी करून ते राहत, हवेतला नत्र पकडून झाडाला खाऊ घालत आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेत. असं करणारे जिवाणू पुष्कळ असतात, पण हे खारट जमिनीतही काम करत. बाकीचे तिथं मान टाकत. घरात या नळ्यांना सगळे विरजण म्हणायचे. दर वर्षी पेरणीआधी यातलं चिमूटभर मोठ्या टाकीत पडे, टाकीतून भुकटीत जाई आणि भुकटीची पाकिटं खारपट्टीतल्या शेतकऱ्यांकडे. टाकीत विरजण घालायचा दिवस आजचा होता.

मेव्हणे जाऊन काही वर्षं झाली होती. कंपनी आता भाचा सांभाळत होता. तो दारात उभा राहून एवढा वेळ नुसता ऐकत होता.

"पोलिसांत गेलास?" मावशीनं विचारलं.

"आईनं अडवलं. म्हणाली, आधी मावशीला बोलाव, मग काय करायचं ते कर."

"बरं केलंस. संशय कुणावर आहे?"

"संशय कसला, मावशी, मला माहीतच आहे." त्याचा आवाज शांत होता, पण दाराच्या चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. "धाकटीनं केलंय. तू आलीस म्हणून आजचा दिवस थांबतो. उद्या सकाळी तक्रार देणार, सख्खी बहीण असली तरी."

२

भाचा गेल्यावर मावशीनं स्पिरिटला समोर बसवलं.

"धाकटी इथून कधी गेली?"

"वर्ष होऊन गेलं. आता विद्यापीठात असते. साहेबांचं आणि त्यांचं जमेना. त्या म्हणायच्या, विरजण दर वर्षी झाडावर तपासून घ्या. साहेब म्हणायचे, बाबांच्या कामावर शंका घेऊ नकोस."

"तुमचं काय मत?"

स्पिरिटनं पुन्हा बोटं पुसली. "मी पगारी माणूस. टाकी भरा म्हटलं की भरतो."

"काल कुठे होता?"

"सासुरवाडीला. मेहुणीचं बाळ बघायला. पंधरा माणसं साक्षीला आहेत, त्यातली निम्मी माझ्यावर नाराज असली तरी खोटं बोलणार नाहीत."

मावशीला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. "लॅबमध्ये शिजवता आलं असतं?"

"वाफेचं यंत्र बंद आहे. कॉइल जळलीय, मिस्त्री उद्या येतो म्हणून चार दिवस उद्याच करतोय. गॅसची शेगडी आहे म्हणा, त्यावर पातेलं ठेवलं तर होईल." तो घुटमळला. "एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. हे बोळे बघा."

प्रत्येक नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. मावशीनं एक चिमटीत दाबून पाहिला.

"कोरडा आहे."

"सगळे कोरडे. उकळत्या पाण्यात नळ्या उभ्या केल्या की वाफेनं बोळा भिजतो. भिजू नये म्हणून आम्ही वरून कागद बांधतो. यानंही बांधला असणार. आता मला सांगा, ज्याला मारूनच टाकायचंय, तो बोळ्यांची काळजी कशाला घेईल?"

"हाताला सवय असेल तर घेईल," मावशी म्हणाली.

"तशी सवय इथं दोघांनाच. मला आणि धाकट्या ताईंना."

मावशी उठून खिडकीपाशी गेली. तिनं नळी उजेडात तिरकी केली आणि सावकाश फिरवली. काचेवर अर्ध्याच्या वर एक पुसट पांढरी रेघ होती, पाणी आटून मागे राहते तशी. दुसऱ्या नळीवरही तीच रेघ, त्याच उंचीला. तिनं नखानं खरवडली. पांढरी पूड निघाली.

"तुमच्याकडे पाणी कुठलं?"

"विहिरीचंच. पण सरांनी, म्हणजे साहेबांच्या वडिलांनी, लॅबच्या नळाला क्षार काढायचं यंत्र बसवून घेतलंय. नाहीतर भांड्यांवर पुटं चढतात." बोलता बोलता तो थांबला. त्याचीही नजर नळीवरच्या रेघेवर गेली होती.

"यंत्रातून न जाता विहिरीचं पाणी सरळ कुठे येतं?"

स्पिरिटनं खिडकीबाहेर बोट केलं. खिडकीतून समोरच दिसत होता तो मालकांचा बंगला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत मावशीची थोरली बहीण, ताई, भांडी आवरत होती.

"तिथं," तो म्हणाला.

३

नळ्या घरातल्या पातेल्यात शिजल्या होत्या. घरात काल होते तिघं: ताई, भाचा आणि दुपारच्या जेवणाला आलेली धाकटी. लॅबची जादा किल्ली घरातच दारामागच्या खिळ्याला असते, हे सगळ्यांना ठाऊक.

धाकटी दुपारी विद्यापीठातून धावतपळत आली. पर्स टेबलावर टाकून ती मावशीसमोर बसली. डोळे कोरडे होते, आवाज मात्र चिरलेला.

"दादानं फोनवर मला काय म्हटलं माहितीय? म्हणाला, तुझी नोकरी घालवेन. मी केलेलं नाही, मावशी."

"काल तुमचं भांडण कशावरून झालं?"

"मी एक नळी मागितली. एकच. विद्यापीठात नीट जपून ठेवायला, तपासायला. बाबांनी कुणालाच दिलं नाही, त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. उद्या आग लागली, पूर आला तर? दादा म्हणाला, तुला ते स्वतःच्या नावावर करायचंय."

"मग तू काय म्हणालीस?"

धाकटीनं मान खाली घातली. "म्हणाले, तुझ्या हातात राहण्यापेक्षा ते मेलेलं बरं."

"कुणी ऐकलं?"

"सगळ्यांनी. आई वाढत होती. दादा ताटावरून उठला."

"त्यानंतर?"

"मी तडक निघाले. बसस्टॉपवर बराच वेळ रडत बसले. साक्षीदार कुणी नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. या पोरीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि खात्यातल्या इतक्या वर्षांत तिला हेही कळलं होतं की अंगाखांद्यावर खेळलेली माणसंच डोळ्यांत डोळे घालून सगळ्यात सफाईनं खोटं बोलतात.

"एक सांग. तुला त्या जिवाणूंविषयी शंका होती म्हणे."

"शंका म्हणजे, काळजी. वर्षानुवर्षं एका नळीतून दुसऱ्या नळीत टाकत राहायचं, आयती साखर खायला घालायची. झाडाची गाठ पडत नाही तर काम विसरायला कितीसा वेळ लागतो? पण यंदाची चाचणी छान आहे असं दादा सांगत होता. पाहुण्यांना शेत दाखवलं, सगळं हिरवंगार. म्हटलं, माझंच चुकलं असेल."

दार धाडकन उघडलं. भाचा आत आला. बहिणीकडे न बघता तो मावशीशीच बोलला.

"तुझं चालू दे. माझं काम अडत नाही आता. चाचणीसाठी केलेल्या भुकटीची पाकिटं गोदामात शिल्लक आहेत. त्यात जिवंत जिवाणू आहेत. स्पिरिटला सांगितलंय, त्यातूनच विरजण परत उभं करा. परवा टाकी भरणार."

हातात पाण्याचा तांब्या घेऊन ताई त्याच्या मागोमाग येत होती. ती उंबऱ्यातच थबकली. तांब्या हातातून निसटला आणि पाणी सगळ्या फरशीवर पसरलं.

४

चाचणीचं शेत बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. चवळीचे वाफे आखीवरेखीव पडले होते. पाकीट लावलेले वाफे काळपट हिरवे आणि न लावलेले मलूल पिवळे. कुणीही बघितलं तरी छाती फुगावी असं चित्र होतं.

शेताचा व्यवस्थापक धिप्पाड माणूस होता. ऊन नसतानाही तो टोपीनं वारा घेत होता.

"काल तुम्ही कुठे होता?"

"इथंच, पंपापाशी. संध्याकाळपर्यंत इंजिनाशी झुंजत होतो. गड्यांना विचारा. नळ्याबिळ्यांतलं मला काही कळत नाही, बाई. आपला कारभार मातीचा."

"मातीचंच विचारते." मावशी हिरव्या वाफ्यात उतरली आणि गुडघ्यावर बसली. "एक झाड उपटू?"

"उपटू नका." तो इतक्या घाईनं म्हणाला की त्याचं त्यालाच चमकायला झालं. "म्हणजे, साहेबांनी सांगितलंय, हात लावू द्यायचा नाही."

"साहेब माझा भाचा आहे. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय."

तिनं खुरप्यानं माती सैल केली आणि झाड मुळांसकट अलगद वर काढलं. मुळांवर गाठी होत्या, पण तुरळक आणि बारीक. कामाची गाठ कापली की आत लालसर निघते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नत्र पकडण्याचं काम चालू असतं तिथं तसा रंग येतोच. तिनं नखानं एक गाठ फोडली. मग दुसरी. मग मुळावरची शेवटची.

सगळ्या आतून पांढऱ्याफटक.

वाऱ्यानं पानं सळसळली. गाठी उपाशी आणि झाड मात्र गुटगुटीत. मग या झाडाला जेवण कोण घालत होतं?

ती उठून व्यवस्थापकासमोर उभी राहिली. तिची उंची त्याच्या छातीपर्यंतही नव्हती.

"युरिया कधी टाकलात?"

"कसला युरिया?"

"मी या वयात उकिडवी बसून मुळं चाचपतेय. मला पुन्हा खाली बसवू नका. न लावलेल्या वाफ्यात टाकला नाहीत, लावलेल्यात टाकलात. कुणाच्या सांगण्यावरून?"

बराच वेळ तो टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला. मग एकदम बोलायला लागला, आणि बोलल्यावर हलकं वाटल्यासारखा खाली बांधावरच बसला.

"झाडं पिवळी पडायला लागली होती, बाई. दोन्हीकडची सारखीच. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पाहुणे यायच्या आत मला इथं पिवळं पान दिसता कामा नये. कसं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

५

मावशी परतली ती थेट घरात न जाता मागच्या अंगणाकडे वळली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शेतातल्या पांढऱ्या गाठींवर कुणी आक्षेप घेऊ शकतं. आयता युरिया मिळाला की झाड चांगल्या जिवाणूंनाही विचारत नाही, गाठी तशाही खुरटतात. विरजण खरंच कुचकामी झालं होतं की युरियानं त्याला निकामी केलं, हे त्या शेतावरून सिद्ध होत नव्हतं. आणि परवा टाकी भरणार होती. खारपट्टीतली माणसं पाकिटावर विश्वास ठेवून युरिया न घेता पेरणार होती.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला कुंड्यांची रांग होती. चवळी लावलेली. मावशी त्यांच्यावरून पुढे गेली, आणि मग माघारी आली.

काही कुंड्यांत मातीवर एक खडा ठेवला होता. काहींत दोन. काहींत एकही नव्हता.

खडा नसलेल्या कुंड्यांतली झाडं पिवळी होती. एक खडा असलेलीही तेवढीच पिवळी. दोन खडेवाली हिरवीगार. कुंड्यांत माती नव्हतीच, स्वच्छ धुतलेली वाळू होती. म्हणजे जमिनीतले दुसरे जिवाणू घुसायला वाव नव्हता. कोपऱ्यात चाचणी खेपेचं फोडलेलं पाकीट चिमटा लावून ठेवलेलं होतं आणि त्याच्या शेजारी वाटीत पांढऱ्या दाण्यांचा युरिया, दोन खडेवाल्यांसाठीचा.

तिनं प्रत्येक प्रकारातलं एकेक झाड उपटलं. खडा नसलेल्याच्या मुळांवर गाठच नव्हती. एक खडेवाल्याच्या मुळांवर गाठींचे घोसच्या घोस होते. तिनं त्या फोडल्या. बोटांना पांढरा चीक लागला, लाल रंगाचा मागमूस नाही. नुसतं पाकीट लावलेलं झाड आणि काहीच न दिलेलं झाड, दोघंही सारखीच उपाशी. मेव्हण्यांचे जिवाणू आता झाडाच्या घरात फुकट राहत होते, त्याची साखर खात होते आणि देत काहीच नव्हते.

हा प्रयोग कुणीतरी आठवड्यांच्या आठवडे, न बोलता, नेटानं केला होता.

मावशीनं बोटं वाळूत पुसली. ज्या माणसाला पकडायचं ते आपलं निघणार नाही अशी आशा तिनं सकाळपासून मनाशी धरून ठेवली होती. वर स्वयंपाकघराची खिडकी होती. तिनं मान वर केली तेव्हा खिडकीचा पडदा हलत होता, पण तिथं कुणी नव्हतं.

६

दिवस कलायच्या आत तिनं सगळ्यांना बैठकीच्या खोलीत गोळा केलं. भाचा खुर्चीच्या कडेवर, धाकटी भिंतीशी, स्पिरिट आणि व्यवस्थापक दाराजवळ अवघडून उभे. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर.

मावशीनं उपटलेली झाडं वर्तमानपत्रावर पसरली आणि आधी शेताचं सांगितलं, मग कुंड्यांचं. व्यवस्थापकानं मान डोलावली. भाच्याचा चेहरा उतरत गेला.

"आता नळ्यांचं," मावशी म्हणाली. "चोर आला असता तर त्यानं निदान एक नळी खिशात घातली असती आणि मग बाकीच्या मारल्या असत्या. इथं एकही कमी नाही. म्हणजे हे विरजण कुणाच्याच हाती राहू नये असं कुणाला तरी वाटत होतं. धाकटीनं कालच एक नळी मागितली होती. जिला ते जपायचंय ती सगळं का शिजवेल?"

"रागाच्या भरात," भाचा म्हणाला.

"रागावलेला माणूस नळ्या फोडतो. इथं बोळे कोरडे राहावेत म्हणून वर कागद बांधलाय, आणि नळ्या परत ओळीनं लावल्यात. हे शांत डोक्याचं काम आहे. सवयीच्या हाताचं. स्पिरिटला ती सवय आहे, पण तो काल इथं नव्हता आणि या घरातल्या पातेल्याला त्याचा हात लागायचं कारण नाही. नळ्या इथल्याच पाण्यात उकळल्यात. शेतावरच्या या गृहस्थांना गुपित माहीत होतं, पण नळी कशी धरतात ते माहीत नाही. तुलाही माहीत नाही, तू कायम ऑफिसात. शिवाय सगळ्यात जास्त नुकसान तुझंच."

"मग कोण राहिलं?" भाचा म्हणाला.

मावशीनं चष्मा काढून पुसला. खात्यात असताना तिनं भल्याभल्यांची नावं तोंडावर घेतली होती. आज जीभ उचलेना.

"तिला नको बोलायला लावूस," ताई स्टुलावरून म्हणाली. "मी राहिले."

भाच्यानं मान वळवून आईकडे पाहिलं.

"लॅब कुठे होती तेव्हा? माझ्या ओट्यावरच चालायचं सगळं. तुझे बाबा नळ्या भरायचे आणि मी उकळायचे. ओला बोळा म्हणजे बुरशी, हे त्यांनी माझ्या हाताला लावून दिलं. काल कागद बांधायची गरज नव्हती, तेही मला कळत होतं. हातांनी ऐकलं नाही."

"आई, तू?" भाचा उठून उभा राहिला. "बाबांचं आयुष्य होतं त्यात. सगळं आयुष्य."

"म्हणूनच." तिचा आवाज चढला नाही. "खारपट्टीतली माणसं पाकिटावर त्यांचं नाव बघून पेरतात. यंदा पेरलं असतं आणि शेतं पिवळी पडली असती, तेव्हा शिव्या कुणाला बसल्या असत्या? तुला नाही. त्यांना."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं. कुंड्या दाखवायला हाताला धरून नेत होते तुला. तू म्हणालास, फोनवर आहे. पुन्हा सांगितलं, तू म्हणालास, वाळूत काय उगवणार. तिसऱ्यांदा शेत हिरवं झालेलं दाखवलंस मला. तेव्हा कळलं की तुला ऐकायचंच नाहीये."

धाकटी पुढे आली. "आणि मला, आई? दादा सकाळपासून माझ्यावर आळ घेतोय. तू गप्प बसलीस."

हा घाव बसला. ताईनं पहिल्यांदाच नजर चुकवली.

"तुला कालच सांगायला हवं होतं. पण तुम्ही दोघं ताटांवरून उठलात आणि मी घाबरले. तुला सांगितलं तर ते तुमच्या भांडणातलं आणखी एक भांडण होईल, असं वाटलं. आज सकाळी तुझं नाव निघालं तेव्हा हिला बोलवा म्हटलं. मी कबूल केलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून मला खोलीत बसवलं असतं, आणि शेतातली मुळं कुणी उपटली नसती. मुळं बाहेरच्या माणसानं उपटायला हवी होती. संध्याकाळपर्यंत हिला सापडलं नसतं तर मी बोलणारच होते. पाकिटातून परत उभं करता येईल हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तू चुकलीस, ताई," मावशी म्हणाली. "मुलीला एक दिवस टांगून ठेवलंस. त्याला कारण पुरत नाही."

"नाही पुरत," ताई म्हणाली.

भाचा वर्तमानपत्रावरच्या झाडांकडे बघत होता. मग तो खाली बसला, एक गाठ उचलली आणि बोटांत चिरडली. बोटांवर पांढरा चीक उतरला.

"गोदामातली पाकिटं," तो स्पिरिटला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "सगळी शिजवा."

७

भाच्यानं स्वयंपाकघरात येऊन फोन स्वतःहून लावला. शेतकरी संघाचे अध्यक्ष पलीकडे होते. त्यांचा आवाज मुळातच एवढा मोठा की खोलीभर ऐकू येत होता.

"अहो साहेब, ऐकलं ते खरं का? तुमच्या लॅबमध्ये घातपात झाला म्हणे. नळ्या मारल्या कुणीतरी."

भाच्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मावशीला त्याच्या चेहऱ्यावरून सगळं वाचता येत होतं. वाट समोरच पडली होती, सोपी आणि स्वच्छ. हो म्हटलं की संपलं. कुणा अनोळखी दुष्टानं नळ्या मारल्या, यंदा पाकिटं नाहीत, बिचारी कंपनी. लोकांनी उलट सांत्वन केलं असतं. पाहुण्यांनी पाहिलेलं हिरवं शेत हिरवंच राहिलं असतं.

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. धाकटी भावाकडे रोखून बघत होती.

"नळ्या गेल्या, ते खरं," भाचा म्हणाला. "पण त्या असत्या तरी पाकिटं देता आली नसती. आमचे जिवाणू कामाचे राहिलेले नाहीत. नुसत्या गाठी करतात, नत्र देत नाहीत."

"असं कसं? मी स्वतः शेत पाहिलं की तुमचं."

"त्याला युरिया घातला होता. लावलेल्या वाफ्यांना तेवढा. मी हिरवं पाहिजे म्हणालो आणि पुढचं विचारलं नाही."

पलीकडे अध्यक्षांनी कुणाला तरी दार लावायला सांगितलं. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. भाच्यानं डोळे मिटून घेतले.

"तुमच्या वडिलांनी असं केलं नसतं," अध्यक्ष म्हणाले.

"नसतंच केलं."

"आमच्यातल्या निम्म्यांनी खत घेतलेलंच नाही, तुमच्या भरवशावर. पेरणी तोंडावर आली. आता आम्ही काय करायचं, ते तरी सांगा."

भाच्यानं बोटांना चिकटलेला चीक अंगठ्यानं चोळला. कंपनीचा कारभार त्याला तोंडपाठ होता, मुळांचं त्याला काही येत नव्हतं. तो वळला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ बघत होता.

"यातलं माझ्यापेक्षा माझ्या बहिणीला कळतं," तो फोनमध्ये म्हणाला. "तिला देतो."

त्यानं फोन पुढे केला. धाकटीनं लगेच घेतला नाही. क्षणभर मावशीला वाटलं, ती नाही म्हणेल, आणि म्हणाली असती तरी कुणी तिला दोष दिला नसता. मग तिनं फोन घेऊन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं खुर्ची ओढली.

"नमस्कार काका," ती म्हणाली. "आधी मला सांगा, कुणाची जमीन किती खारट आहे. एकेकाचं सांगा, घाई नाही."